मृदू सुराचा यजमान

नॅट किंग कोलविषयी जाणकारांची एक जुनी तक्रार आहे: अव्वल दर्जाचा पियानोवादक लोकप्रियतेच्या मोहाने गोड गाण्यांचा गायक झाला. तक्रार अगदीच खोटी नव्हे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये त्याने पियानो, गिटार आणि बास एवढ्याच वाद्यांचा संच उभारला. त्यात ड्रम्स नव्हते. तालाचा भार तिघांनी आपसांत वाटून घेतला होता. ते चपळ, मोजके वादन ऐकल्यावर पुढील काळात त्याच्या गाण्याभोवती पडलेला व्हायोलिनांचा गराडा जाचक वाटतो.

तथापि ह्या तक्रारीत त्याच्या आवाजाला न्याय मिळत नाही. तो आवाज मोठा नव्हता. ध्वनिक्षेपकाशी जवळीक साधून कोल गाई आणि शब्दाचे अखेरचे अक्षरही सांडू देत नसे. इंदूरच्या अरुण दात्यांची भावगीते ऐकलेल्या आपल्या रसिकाला ह्या गायकीची गोडी निराळी समजावून सांगावयास नको.

हाच आवाज ५ नोव्हेंबर १९५६ पासून दूरचित्रवाणीवरून अमेरिकन घरांत जाऊ लागला. अलाबामात १९१९ साली जन्मलेला, शिकागोत वाढलेला, धर्मोपदेशकाचा हा कृष्णवर्णीय मुलगा गोऱ्या कुटुंबांच्या दिवाणखान्यात यजमान म्हणून उभा राहिला. (असा मान मिळालेला तो पहिलाच, असे सर्रास लिहिले जाते, पण १९५० मध्ये हेझल स्कॉट ह्या पियानोवादिकेचा कार्यक्रम होऊन गेला होता.) त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर गोऱ्या हल्लेखोरांनी त्याला खाली पाडले होते. वर्णभेद पाळणाऱ्या सभागृहांत तो गातो म्हणून स्वजनही रागावले होते, आणि तो राग अनाठायी होता असे मला वाटत नाही.

यजमान म्हणून कोल फार बोलत नाही. दोन शब्दांत पाहुण्याची ओळख करून देतो आणि बाजूला सरतो. एला फिट्झजेराल्ड, हॅरी बेलाफोंटे ह्यांच्यासारखे कलावंत नाममात्र मानधनावर त्याच्यासाठी आले. कधी कधी त्याचे हास्य जरा जास्तच जपून ठेवलेले वाटते, हे मान्य केले पाहिजे. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम जुलै १९५७ मध्ये अर्ध्या तासाचा झाला. परंतु राष्ट्रीय पातळीवरचा जाहिरातदार अखेरपर्यंत मिळाला नाही. दक्षिणेतील गिऱ्हाईक दुरावेल ही व्यापाऱ्यांची धास्ती होती. गोऱ्यांना रिझविण्यासाठी त्याने स्वर मऊ केला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब अवश्य पाहावा. इतका मऊ स्वरदेखील त्या बाजाराला मानवला नाही! १७ डिसेंबर १९५७ रोजी कार्यक्रम संपला. १९६५ मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाने कोल गेला तेव्हा तो अवघा पंचेचाळीस वर्षांचा होता.

आणि ती बोटे? कार्यक्रम सुरू होण्याच्या थोडेच आधी, १९५६ च्या उन्हाळ्यात, त्याने 'आफ्टर मिडनाइट' ह्या ध्वनिमुद्रिकेची गाणी मुद्रित केली. तीत व्हायोलिनांचा ताफा नाही. त्याचा आटोपशीर संच आहे, एक-एक पाहुणा वादक आहे, आणि पियानोवर कोल स्वतः आहे.