नावे उरलेली भिंत

जुन्नरहून पश्चिमेला घाटघर ओलांडून नाणेघाटाच्या तोंडाशी गेले, की लोक तीन गोष्टींची छायाचित्रे घेतात: नानाचा अंगठा, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आणि कड्याखाली पसरलेले कोकण. लेण्यातही डोकावतात, डाव्या-उजव्या भिंतींवरचा ब्राह्मी लेख कौतुकाने पाहतात. मागच्या भिंतीचे छायाचित्र मात्र सहसा कोणी घेत नाही, कारण तिथे दिसण्यासारखे काही नाही. मला मात्र ही भिंत महाराष्ट्रातील सर्वांत विलक्षण कलाकृतींपैकी एक वाटते.

या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलातील आठ व्यक्तींच्या पुरुषभर उंचीच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आज पायांच्या काही खुणांपलीकडे त्यांतले काही उरलेले नाही. उरली आहेत ती मूर्तींच्या डोक्यांवर कोरलेली नावे: राजा सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. एका कुमाराच्या नावाची ‘भाय’ एवढीच अक्षरे शिल्लक आहेत, तर एका आकृतीचे नावही पुसले गेले आहे. कर्नल साइक्स यांनी 1828 मध्ये हे लेणे पाहिले. पुढे 1876 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथल्या अंकांवर निबंध प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून नाणेघाट म्हटले की यज्ञ, दक्षिणा आणि अंक यांचीच चर्चा होत आली. कलेच्या इतिहासात या भिंतीची बोळवण एका वाक्यात होते: मूर्ती नष्ट झाल्या, लेख उरले.

माझा आक्षेप या वाक्याला आहे. त्यात असे गृहीत धरलेले आहे, की मूर्ती ही कला आणि नाव ही केवळ तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी. प्राचीन व्यक्तिशिल्पांबाबत हे गृहीतक टिकत नाही.

याचा पुरावा आपल्याच नद्यांच्या वाटेवर आहे. जुन्नरची कुकडी घोडनदीला मिळते आणि आंबेगावातून येणारी घोड भीमेला. याच भीमेच्या काठी, खाली कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील कनगनहळ्ळी येथे बौद्ध स्तूपाचे शिल्पपट उत्खननात सापडले. तिथे मूर्ती आणि नावे दोन्ही शाबूत आहेत. एका पटावर राजा, शेजारी राणी, सोबत सेविका आणि वर नाव, राजा अशोक. ते नाव झाकून पाहिले, तर हा राजा कोणीही असू शकतो. चेहऱ्यात अशोकाची म्हणून ओळखता येईल अशी एकही खूण नाही. त्याला अशोक केले आहे ते अक्षरांनी.

भासाच्या ‘प्रतिमानाटका’तला प्रसंगही हेच सांगतो. आजोळहून परतणारा भरत वाटेत प्रतिमागृहात शिरतो. समोर त्याच्याच पूर्वजांच्या प्रतिमा उभ्या असतात, पण त्या देवांच्या समजून तो नमस्कार करू लागतो. तिथला देवकुलिक एकेक नाव सांगतो, तेव्हा कुठे दिलीप, रघू आणि अज यांची त्याला ओळख पटते. प्रतिमा नुसती उभी असते. तिला कोणाची तरी करण्याचे काम देवकुलिक करतो. नाणेघाटात हे काम भिंतीवरची अक्षरे करतात.

या अक्षरांमध्येही घडण आहे. सिमुकाचे नाव प्रथमेत आहे: हा राजा सिमुक. पुढच्या जोडीची नावे मात्र षष्ठीत आहेत: ‘देविनायनिकाय रञो च सिरिसातकनिनो’, म्हणजे देवी नागनिकेची आणि राजा श्री सातकर्णीची. कुमारांकडे वळताच पुन्हा प्रथमा येते. या फरकातून मोठा सिद्धांत काढण्याचा मोह मी टाळतो. पण क्रम तर डोळ्यांना दिसतोच: राणी आधी, राजा नंतर. बाजूच्या भिंतीवर 24,400 कार्षापणांच्या दक्षिणेचा हिशेब मांडणाऱ्या या घराण्याने हा क्रम सहज लिहिला असेल, असे मला वाटत नाही.

तरीही नाव म्हणजे सर्वस्व नव्हे, हे मान्य केलेच पाहिजे. नागनिका सातकर्णीच्या खांद्याला खांदा लावून उभी होती की अर्धे पाऊल मागे, तिचा हात कुठे होता, हे अक्षरे सांगू शकत नाहीत. आणि ज्या आकृतीचे नावही गेले, तिच्याबाबतीत तर आपण फक्त भिंत पाहत असतो.

हे सारे मला एकदम घरचे वाटू लागले ते घोडेगावच्या मामांकडे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. गाव नाही, नाव आहे. मामांच्या कपाटात त्या बुडालेल्या गावातला एक फोटो आहे. देवळापुढे सात बायका ओळीने बसल्या आहेत. चेहरे इतके स्वच्छ, की एकीच्या नथीतले मोतीही मोजता येतात. फोटोच्या मागची बाजू मात्र कोरी.

“ही तुझी आजी,” मामी म्हणाल्या. “बाकीच्या कोण कोण, ते सासूबाई घडाघडा सांगायच्या. तेव्हा कुणी लिहून ठेवलं नाही रे.”

नाणेघाटात नावे आहेत, चेहरे नाहीत. आमच्याकडे चेहरे आहेत, नावे नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या राजकुलाला दगडावरही भरवसा नव्हता, म्हणून त्याने मूर्तीच्या डोक्यावर नाव कोरून घेतले. आपण कॅमेऱ्यावर पुरता भरवसा टाकला आणि लिहायचे सोडून दिले. जुन्या फोटोंची प्रदर्शने अलीकडे खूप होतात. तिथे ‘ग्रामीण स्त्रिया’ अशी ओळ वाचली, की मला ती नाव पुसलेली आकृती आठवते.

मी मामींना पुन्हा एकेका चेहऱ्यावर बोट ठेवायला लावले. त्या आठवत गेल्या आणि मी फोटोमागे पेन्सिलीने लिहीत गेलो. पाच नावे झाली. दोघींच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.