दरबार आणि रयत: मध्ययुगीन महाराष्ट्रावरील ग्रंथांचा विचार

मध्ययुगीन महाराष्ट्रातील राजेरजवाड्यांविषयी मराठीत ग्रंथांची वाण नाही. देवगिरीच्या यादवांपासून पुण्याच्या पेशव्यांपर्यंत ज्यांनी ज्यांनी या भूमीवर अंमल चालविला, त्यांच्या लढाया, तहनामे, वारशाचे तंटे आणि मसलती यांचा वृत्तांत आपल्या इतिहासकारांनी मोठ्या कष्टाने सिद्ध केलेला आहे. परंतु त्याच अमलाखाली रयत काय खात होती, काय नेसत होती, कर्ज कोणाकडून काढीत होती आणि फिर्याद कोणापुढे नेत होती, हे दरबाराच्या हकिकतीशी सांगड घालून सांगणारी पुस्तके शोधू जाता फारच थोडी हाती लागतात, आणि हीच आपल्या इतिहासलेखनातील मोठी उणीव होय.

या उणिवेचा दोष साधनांच्या माथी मारता येणार नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजनीतीच्या जोडीने राजाचे स्नान, तांबूल, वस्त्रे आणि भोजन यांचे इतके साद्यंत वर्णन आहे की, मांडे, पुऱ्या, वडे हे आपल्या परिचयाचे पदार्थ थेट राजाच्या पानात वाढलेले आढळतात. पुढे तेराव्या शतकात म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. भडोचच्या प्रधानाचा पुत्र हरिपाळ द्यूतात हरतो, देणे भागविण्यासाठी पत्नीजवळ तिचे अलंकार मागतो आणि ती ते देण्याचे साफ नाकारते, ही त्यातील लीळा त्या काळच्या प्रतिष्ठित घराच्या माजघरात वाचकाला जशी नेऊन उभी करते, तशी कोणत्याही ताम्रपटातील बिरुदावली करू शकत नाही.

मराठेशाहीच्या कागदपत्रांची समृद्धी तर याहून अधिक आहे. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, आणि रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे 45 भाग संपादिले. या साधनांपैकी वतनाच्या तंट्याचा एखादा महजर घेऊन पाहावा: प्रारंभी हुद्देदारांची नावे, मध्यंतरी वादी-प्रतिवादींचा करीना, आणि अखेरीस लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी. राजसत्ता आणि गावगाडा ज्या कागदावर अशी एकत्र नांदली, त्या कागदाचा उपयोग केवळ घराण्याची शकावली निश्चित करण्यापुरता करणे, हा त्या साधनावर अन्याय आहे.

हा अन्याय दूर करण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत वा. कृ. भावे यांचा ‘पेशवेकालीन महाराष्ट्र’ व्याप्तीच्या दृष्टीने अग्रगण्य ठरतो. ना. गो. चापेकर यांनी ‘पेशवाईच्या सावलीत’ या ग्रंथात खाजगी जमाखर्चाच्या कीर्दी धुंडाळून जिनसांचे भाव, मजुरी आणि घरखर्च यांच्या नोंदी मांडल्या. त्यांची मांडणी रूक्ष असली तरी तिची विश्वसनीयता वादातीत आहे. त्रिं. ना. आत्रे यांचा 1915 सालचा ‘गाव-गाडा’ मुख्यतः लेखकाच्या समकालाविषयी आहे, तथापि बलुतेदारीची जुनी घडण समजून घेण्यास त्याच्याइतका जाणता सोबती दुसरा नाही. अ. रा. कुलकर्णी यांचा ‘शिवकालीन महाराष्ट्र’ राज्यव्यवस्था आणि ग्रामजीवन यांचा सांधा अभ्यासकाच्या शिस्तीने जुळवून दाखवितो. ऐतिहासिक कादंबरीने या काळाविषयी अपार प्रेम उत्पन्न केले हे खरे. परंतु तिच्यातील पोशाख आणि पंगती हा पुरावा नव्हे, एवढे भान वाचकाने राखावे.

या चार ग्रंथांनंतर मात्र वाट विरळ होते. यादवकाळ आणि बहामनीकाळ यांवर, राजा आणि कुणबी यांना एकाच पटावर मांडणारा, सामान्य वाचकासाठी लिहिलेला असा सर्वांगीण ग्रंथ आपल्याला हवा आहे. आणि मोडी वाचणारे तरुण दफ्तराकडे वळल्यावाचून मराठेशाहीचेही चित्र पुरे होणार नाही. तोवर वाचकाने कोणताही नवा ग्रंथ विकत घेताना त्यात महसुलाचा दर, धान्याचा भाव आणि त्या विधानांमागील कागदाचा दाखला आहे की नाही, हे आधी पाहावे. ज्यात केवळ तलवारींचा खणखणाट आहे, तो निःशंकपणे परत ठेवावा.