योग्यतेची परीक्षा आणि परीक्षेची योग्यता

'योग्यता' हा शब्द आपल्या समाजात कधीच निरुपद्रवी नव्हता. पाणवठ्याला शिवण्याची योग्यता नाही, अक्षर गिरवण्याची योग्यता नाही, असे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले त्यांनी एके दिवशी उलट विचारले, की ही योग्यता ठरवणारे तुम्ही कोण? दलित साहित्य या प्रश्नातून उभे राहिले. म्हणून एखादी व्यवस्था 'अभियोग्यता चाचणी' असे शास्त्रीय नाव धारण करून समोर येते, तेव्हा ती चाचणी एखाद्या संहितेसारखी वाचणे हे मी समीक्षेचेच काम मानतो. इथे मी वाचतो आहे ती अमेरिकेतील इलेक्ट्रिशियनच्या शिकाऊ उमेदवारीसाठी घेतली जाणारी चाचणी, आणि तिच्या तयारीसाठी विकली जाणारी पुस्तके.

तिथे विद्युत कामगारांची जुनी संघटना आहे. १८९१ साली ती स्थापन झाली. ही संघटना आणि कंत्राटदार मिळून शिकाऊ उमेदवार निवडतात. इमारतींच्या वायरिंगचे शिक्षण साधारण पाच वर्षांचे, आणि शिकता शिकता पगार. कॉलेजचे कर्ज न काढता घर चालवता येईल असा हा धंदा असल्यामुळे त्याच्या दाराशी गर्दी असते. दारावर चाचणी आहे. बीजगणिताचे ३३ प्रश्न, वेळ ४६ मिनिटे. वाचन-आकलनाचे ३६ प्रश्न, वेळ ५१ मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सुमारे ८५ सेकंद. चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्याला मुलाखतीला बोलावतात.

तयारीची पुस्तके उघडली तर काय दिसते? ३, ५, ९, १५, २३, पुढचा अंक कोणता, अशा धर्तीचे प्रश्न. प्रत्येक वेळी फरक दोनाने वाढतो आहे हे एकदा कुणी दाखवले की ३३ हे उत्तर पोरसवदा मुलगाही देतो. मग समीकरणे, अवयव, आलेख. मग उतारे, आणि उताऱ्याखाली प्रश्न. प्रत्येक पुस्तक शेवटी एकच आश्वासन देते : सराव करा, घड्याळ लावून करा, गुण वाढतील. आणि ते खरेही आहे, गुण वाढतात.

पण इथेच या पुस्तकांनी नकळत एक मोठी कबुली देऊन टाकली आहे. ज्याचा सराव करता येतो ते उपजत नसते. अभियोग्यता म्हणजे अंगचा कल, शिकण्याआधीची पात्रता, असे चाचणीचे नाव सांगते. तयारीचे पुस्तक सांगते की ती पात्रता विकत घेता येते, वर्गात शिकता येते, स्वयंपाकघरातल्या टेबलावर दिवा लावून कमावता येते. टेबल असेल तर, दिवा असेल तर, आणि संध्याकाळ मोकळी असेल तर.

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये माणसाच्या कर्तृत्वामागे तीन गोष्टी मांडल्या : शारीरिक आनुवंशिकता, आईबापांनी आणि समाजाने दिलेला वारसा, आणि स्वतःचा प्रयत्न. या त्रिसूत्रीइतके धारदार हत्यार चाचणीच्या समीक्षेला दुसरे मिळणार नाही. चाचणी मोजते दुसरी गोष्ट, निकाल लावते पहिलीच्या नावाने, आणि हरलेल्याला दोष देते तिसरीचा.

याचा पुरावा वीजनिर्मितीच्याच एका केंद्रात सापडतो. नॉर्थ कॅरोलायनातील ड्रेपर येथे ड्यूक पॉवर कंपनीचे डॅन रिव्हर वीजकेंद्र होते. ९५ कामगार, त्यांत १४ काळे. हे काळे कामगार फक्त मजूर विभागात, आणि त्या विभागातला सर्वांत वरचा पगार इतर विभागांतल्या सर्वांत खालच्या पगारापेक्षाही कमी. १९५५ पासून कंपनीने इतर विभागांसाठी हायस्कूल पदविकेची अट घातली. पुढे १९६४ चा नागरी हक्क कायदा आला. नोकरीतील भेदभाव बेकायदा ठरवणारा त्याचा भाग २ जुलै १९६५ रोजी अंमलात आला, आणि नेमक्या त्याच दिवशी कंपनीने चांगल्या विभागांतील नव्या भरतीसाठी दोन चाचण्या सुरू केल्या. एक वंडर्लिक, १२ मिनिटांत ५० प्रश्नांची. दुसरी बेनेट, यांत्रिक आकलनाची. 'काळ्यांना प्रवेश नाही' ही पाटी उतरली आणि तिच्या खिळ्याला प्रश्नपत्रिका टांगली गेली.

विली ग्रिग्ज आणि त्याचे बारा सहकारी न्यायालयात गेले. ८ मार्च १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. निकालात दोन गोष्टी ठळक आहेत. १९६० च्या जनगणनेप्रमाणे त्या राज्यात हायस्कूल पुरे केलेले गोरे पुरुष शेकडा ३४ होते, काळे पुरुष शेकडा १२. आणि पदविका नसलेले, चाचणी न दिलेले जुने गोरे कामगार त्याच विभागांत समाधानकारक काम करत होते, बढत्याही घेत होते. मग चाचणीचा कामाशी संबंध काय? न्यायालयाचे म्हणणे असे, की मालकाचा हेतू कितीही स्वच्छ असो, अटीचा परिणाम एका समूहाला बाहेर ठेवण्यात होत असेल, तर ती अट कामाशी निगडित आहे हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. योग्यता सिद्ध करण्याचा भार उमेदवाराच्या खांद्यावरून चाचणीच्या खांद्यावर टाकणारा हा निकाल होता.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. १९६० च्या दशकात तिथल्या कामगार कार्यकर्त्यांनी काळ्या आणि पोर्टोरिकन तरुणांना बांधकाम-धंद्यांच्या शिकाऊ चाचण्यांसाठी शिकवायला सुरुवात केली. १९५७ साली लिटल रॉकच्या गोऱ्या शाळेत लष्कराच्या संरक्षणात पाऊल टाकणाऱ्या नऊ विद्यार्थ्यांपैकी अर्नेस्ट ग्रीन पुढे याच कामात उतरले. १९६६ च्या अखेरीस पत्राकाम करणाऱ्यांच्या युनियनच्या चाचणीत या वर्गांतून आलेल्या मुलांनी उत्तम गुण मिळवले. तेव्हा युनियन म्हणाली, एवढे गुण पडूच कसे शकतात? निकाल मानायलाच नकार! अखेर न्यायालयाला सांगावे लागले की निकाल मानावा लागेल. नापास झाला तर जन्मानेच नालायक, पास झाला तर लबाड. हे तर्कशास्त्र आपल्याला नवे नाही.

म्हणून चाचणीच नको, असे म्हणावे का? मला तसे वाटत नाही. जातिव्यवस्था श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हा बाबासाहेबांचा आक्षेप होता; कारण ती माणसाची कुवत न पाहता जन्मावरून काम ठरवते. कुवत पाहायची तर ती पाहण्याची काही रीत लागणारच. विजेच्या कामात तर चूक जीव घेते. १२० व्होल्टच्या वाहिनीवर २४ ओहमचा रोध असेल तर ५ अँपिअर प्रवाह वाहील, हे काढता न येणाऱ्याच्या हाती फ्यूज कसा द्यावा? 'क्ष'ची किंमत काढणे या धंद्यात चैन नाही. वायरचा पाइप ३० अंशांत वाकवायचा तर उंचीला दोनाने गुणावे लागते, हे त्रिकोणमितीच आहे. तेवढ्या अंशी हे बीजगणित कामाचे आहे, आणि आपल्या मुलांना ते आलेच पाहिजे. पण ८५ सेकंदांचे घड्याळ कशासाठी? तारेला हात लावण्याआधी प्रवाह बंद आहे ना, हे पुन्हा तपासणारा वायरमन चांगला असतो. घाईने हात घालणारा नव्हे. चाचणी मात्र घाईला बक्षीस देते. समीक्षा करायची ती अशी, प्रश्नागणिक.

ही लढाई संपलेली नाही. ग्रिग्जचे तत्त्व १९९१ च्या कायद्याने लेखी झाले, तरी २३ एप्रिल २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून केंद्रीय खात्यांना त्याची अंमलबजावणी मागे टाकायला सांगितले. त्या आदेशाच्या शीर्षकातच समान संधी आणि गुणवत्ताशाही हे शब्द आहेत. शब्द चोरीला जातात ते असे.

आपल्याकडे काय? शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा, त्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा आहेत. महाराष्ट्रात आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडला प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो. म्हणजे वेगळी चाचणी नाही. दहावीची गुणपत्रिका हीच चाचणी, आणि तिच्यात गाव, शाळा, शिकवणी, आईची मजुरी, सारे बेरजेला धरलेले. या गुणपत्रिकेला 'मेरिट' म्हणताना बाबासाहेबांची दुसरी गोष्ट आठवावी. आणि हेही आठवावे की १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून देशाच्या वीजधोरणाची जबाबदारी त्यांच्याकडेच होती. स्वस्त आणि मुबलक वीज हा औद्योगिकीकरणाचा पाया आहे, हे ते आग्रहाने मांडत होते. ती वीज खेळवणारे हात कुणाचे, हा प्रश्न त्यांच्या वारसांनी विचारायचा आहे.

डॉ. म. ना. वानखेडे अमेरिकेतून परतले तेव्हा काळ्या लेखकांचे वाङ्मय त्यांनी आपल्या तरुणांपुढे ठेवले. त्या लेखकांचे कामगार बांधव वीजकेंद्रात आणि युनियनच्या दारात जे लढले, तेही वाङ्मयाइतकेच आपल्या अभ्यासाचे आहे. प्रस्थापित समीक्षेने आपल्या कवितेपुढे 'कलामूल्यां'ची प्रश्नपत्रिका ठेवली तेव्हा आपण तिची तपासणी केलीच होती. आता तीच दृष्टी प्रत्येक प्रवेशपरीक्षेकडे वळवली पाहिजे. शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी दोन कामे एकदम हाती घ्यावीत : वस्तीत संध्याकाळी दिवा लावून पोरांकडून समीकरणे सोडवून घ्यावीत, आणि परीक्षा घेणाऱ्याला विचारावे, तुझ्या या प्रश्नाचा कामाशी संबंध काय? पहिले काम सोडले तर आपली मुले दाराबाहेर राहतील. दुसरे सोडले तर दार तेवढेच अरुंद राहील.