ओर्पा: माहेरी परतलेली सून

रूथचे पुस्तक अवघ्या चार अध्यायांचे. शावुओतच्या सणाला ते वाचले जाते, हे इस्रायलमधल्या आपल्या वाचकांना सांगायला नको. सासूची साथ न सोडणारी रूथ सर्वांना ठाऊक असते. तिची जाऊ ओर्पा मात्र पहिल्याच अध्यायात निघून जाते. तिच्या बाजूने थोडे बोलायला हवे.

प्रसंग आठवा. दुष्काळामुळे नाओमीचे कुटुंब बेथलेहेम सोडून मवाबात येते. तिथे तिचा नवरा जातो, मग दोन्ही मुलगे. ती परत निघते तेव्हा दोघी मवाबी सुना तिच्याबरोबर चालू लागतात. 'आपापल्या आईच्या घरी जा,' असे ती त्यांना सांगते. मूळ हिब्रूत शब्द 'आईचे घर' असाच आहे. आपण त्याला माहेर म्हणतो. सुरुवातीला दोघीही नकार देतात. सासू पुन्हा पुन्हा समजावते, तेव्हा ओर्पा रडत रडत तिचा मुका घेते आणि मागे वळते.

पुढच्या परंपरेने तिला माफ केले नाही. रब्बींनी तिचे नाव 'ओरेफ' म्हणजे मानेची मागची बाजू या शब्दाशी जोडले: सासूकडे पाठ फिरवणारी ती ओर्पा. तालमूदच्या 'सोटा' या भागात तर ती गल्याथाची आई ठरते. पण तिथेच असेही म्हटले आहे की, सासूसाठी गाळलेल्या चार अश्रूंमुळे तिला चार बलाढ्य मुलगे झाले. दोष देणाऱ्यांनाही तिचे रडणे खोटे म्हणवले नाही.

मूळ कथेत तर दोषाचा शब्दच नाही. 'तुझी जाऊ आपल्या लोकांकडे, आपल्या देवाकडे परत गेली,' असे नाओमी रूथला सांगते. टीकाकार यावरच बोट ठेवतात. पण लगेच ती म्हणते, 'तूही तिच्यामागे जा.' जी वाट नाओमी स्वतः दाखवते, ती तिच्या लेखी पाप कशी असेल?

कथाकाराला नापसंती दाखवता येत नाही असेही नाही. चौथ्या अध्यायात जबाबदारी टाळणाऱ्या नातेवाइकाचे नावच तो देत नाही. 'पलोनी अलमोनी' म्हणतो, म्हणजे आपला अमका-तमका. ओर्पाचे नाव त्याने जपले आहे.

या अध्यायात 'परतणे' हे क्रियापद वारंवार येते. बेथलेहेम कधीच न पाहिलेली रूथही शेवटी 'मवाबातून परतली' असे लिहिले आहे. कुणाचे परतणे कोणत्या दिशेने, हे बाहेरच्याने ठरवायचे नसते. परदेशात राहणाऱ्या आपण मात्र ते सहज ठरवतो: गावी परतलेला हरला, किंवा इथे राहिलेला स्वार्थी.

ओर्पाला दोषी धरले, तर रूथने केवळ कर्तव्य केले असे होईल. ओर्पाने कर्तव्य पुरे केले होते. रूथने त्यापलीकडचे, कुणी न मागितलेले दिले. रूथचे मोठेपण नीट समजून घ्यायचे, तर आधी ओर्पाला निर्दोष मानावे लागते.