गृहस्वामित्व आणि बेघरपणाचे निवारण : एक चिकित्सा

स्वतःचे घर मिळाले की माणूस बेघर होण्याचा प्रश्नच उरत नाही, हे विधान इतके स्वयंसिद्ध भासते की त्याची चिकित्सा करण्याची आवश्यकता क्वचितच मानली जाते. वस्तुतः त्यात दोन भिन्न कल्पना एकवटल्या आहेत. घर मिळणे ही एक घटना होय. घर टिकणे ही दीर्घकाल चालणारी प्रक्रिया होय. योजनांचे यशापयश बहुधा पहिलीवरून मोजले जाते. बेघरपणाचे निवारण मात्र दुसरीवर अवलंबून असते.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख माणसे बेघर म्हणून नोंदली गेली; त्याच गणनेत नागरी भागांत सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली. पुढे २०१२ साली अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने नागरी घरांची तूट १.८८ कोटी ठरविली. तीत बेघर कुटुंबे ५.३ लाख, म्हणजे शेकडा तिनांहूनही कमी होती. सुमारे दीड कोटी कुटुंबे दाटीवाटीने राहणारी होती. यावरून दिसते की प्रश्न केवळ घरांच्या संख्येचा नाही, आणि ज्यांच्या डोक्यावर आज कसेबसे छप्पर आहे, त्यांचाच वर्ग मोठा आहे. स्वस्त गृहस्वामित्वाचे खरे क्षेत्र हा काठावरचा वर्ग होय. रस्त्यावर आलेल्यास वर काढण्याचे ते साधन नव्हे. रस्त्यावर येऊ न देण्याचे ते साधन होऊ शकते.

ते तसे होते काय? मुंबईतील १९९५ ची झोपडपट्टी पुनर्वसन योजना या कसोटीवर तपासण्याजोगी आहे. झोपडीधारकास विनामूल्य घर द्यावे आणि त्याचा खर्च विकासकाने वाढीव चटई क्षेत्रातील घरे बाजारात विकून काढावा, हे तिचे सूत्र. घराचे क्षेत्र प्रारंभी २२५ चौरस फूट होते. ते पुढे २६९ व नंतर ३०० झाले. तथापि पात्रता विशिष्ट दिनांकापूर्वीच्या वास्तव्यावर ठरते. तो दिनांक १ जानेवारी १९९५ वरून पुढे सरकत गेला, पण रेषा राहिलीच. रेषेपलीकडच्या कुटुंबास त्याच योजनेमुळे आपली झोपडी सोडावी लागते. बेघरपण टाळू पाहणारी योजना अशा रीतीने काही प्रमाणात ते निर्माणही करते. शिवाय विनामूल्य मिळालेल्या घराचा देखभाल खर्च, उद्वाहकाचे व पाण्याच्या पंपाचे वीजबिल, मालमत्ता कर हे दरमहाच्या मिळकतीतूनच भागवावे लागतात. मूल्य शून्य असले तरी निर्वाहखर्च शून्य नसतो.

सोलापूरचे उदाहरण निराळे आहे. तेथील विडी कामगार स्त्रियांनी, कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली, सहकारी संस्था स्थापून कुंभारी येथे घरे उभारली. गोदावरी परुळेकर यांच्या नावाची सुमारे दहा हजार घरांची पहिली वसाहत २००६ साली कामगारांच्या स्वाधीन झाली. त्यानंतरच्या तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी झाले. येथे घर दान नाही. शासनाच्या साहाय्याबरोबर कामगाराचा स्वतःचा वाटाही आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की विडी घरीच वळली जाते. पान आणि तंबाखू आणावयाची, विड्या वळून परत द्यावयाच्या, आणि मजुरी हजार विड्यांमागे घ्यावयाची, अशा व्यवस्थेत घर हेच कामाचे ठिकाण ठरते. निवारा आणि उपजीविका यांचा हा संबंध सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस प्रकरणी १९८५ साली मान्य केला होता. रीतसर सूचना देऊन पदपथवासीयांना हटविण्याचा अधिकार मात्र कायम ठेवला होता. सोलापूरचे यश या संबंधात आहे. आणि त्याची मर्यादाही तेथेच आहे. विडीचा धंदा घटला तर हप्ता कशातून भरावयाचा, या प्रश्नाचे उत्तर मालकीच्या कागदात नाही.

यावर असा आक्षेप येईल की मग मालकीचा आग्रह हवाच कशाला? १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईच्या चाळकऱ्यांना मालकीवाचून पिढ्यान्‌पिढ्या स्थैर्य दिले, हे खरे आहे. पण गोठलेल्या भाड्यात दुरुस्ती परवडेना, आणि भाड्यासाठी नवी घरे बांधण्याची प्रेरणा ओसरली. ते स्थैर्य आत असलेल्यांपुरतेच राहिले. तात्पर्य, मालकी अपरिहार्य नसली तरी स्थैर्य अपरिहार्य आहे. आणि ते पुढच्या कुटुंबालाही उपलब्ध झाले पाहिजे.

या दृष्टीने अमेरिकेतील बर्लिंग्टन येथे १९८४ साली स्थापन झालेला सामुदायिक भूमिन्यास विचारार्ह आहे. तेथे घर कुटुंबाचे, जमीन मात्र न्यासाची असते. घर विकता येते, पण ठरलेल्या सूत्राने येणाऱ्या मर्यादित किमतीलाच. आपल्याकडील योजना काही वर्षे विक्रीस बंदी करतात. बंदी विक्री पुढे ढकलते. मुदत संपताच घर बाजारभावाने जाते, आणि सार्वजनिक साहाय्याचा लाभ एकाच व्यवहारात संपतो. किंमतमर्यादा तो लाभ पुढच्या गरजू कुटुंबाकडे पोचविते.

म्हणून गृहस्वामित्वाच्या योजनेचे मूल्यमापन वाटलेल्या किल्ल्यांच्या संख्येवर थांबू नये. दहा वर्षांनी त्या घरांत कोण राहते, ज्यांनी ते सोडले ते कोठे गेले, आणि रेषेपलीकडच्यांचे काय झाले, हे तीन प्रश्न अभ्यासकाने प्रत्येक वसाहतीत जाऊन विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे हाती आल्यावाचून बेघरपण टळले असे म्हणण्यास आधार नाही.