पोपचा लोलक

‘सदर प्रयोगाच्या निरीक्षणावरून असे निदर्शनास येते की, प्रकाशकिरणांचे अपवर्तन होत असते.’ प्रयोगवहीत असे वाक्य दिसले की आपण बरोबरची खूण करतो आणि पान उलटतो. वाक्यात चूक काहीच नाही. पण मुलाने किरण वळताना पाहिला का, हे त्यावरून कळत नाही. ‘काचेत शिरताना किरण वळला’ एवढेच लिहिणाऱ्याने तो पाहिला असावा, असे निदान वाटते तरी.

लेखनातला हा दोष नेमका हेरणाऱ्या एका इंग्रज कवीविषयी आम्हाला येथे लिहायचे आहे. अलेक्झांडर पोप (१६८८–१७४४) हा नव-अभिजातवादी कवींमधला अग्रणी. ‘अ‍ॅन एसे ऑन क्रिटिसिझम’ हे त्याचे ७४४ ओळींचे काव्य १७११ च्या मे महिन्यात निनावी प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याला तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. टीकाकाराने कसे वाचावे, हा काव्याचा विषय. पण कसे लिहावे, हेही त्यात ओघाने आलेच.

नुसत्या भाषेच्या थाटावर भुलणाऱ्या वाचकांची पोप चांगलीच हजेरी घेतो. शब्दांना तो झाडाच्या पानांची उपमा देतो आणि बजावतो की, पाने दाट असतील तेथे फळ क्वचितच सापडते. ही तक्रार त्याच्या एकट्याची नव्हती. १६६० साली स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीचा इतिहास टॉमस स्प्रॅटने १६६७ मध्ये लिहिला, त्यातही शब्दांच्या फुलोऱ्यावर राग आहे आणि पंडितांपेक्षा कारागिरांची व व्यापाऱ्यांची बोली बरी, असे म्हटले आहे. कवी आणि वैज्ञानिक एकाच दुखण्यावर औषध शोधत होते.

सहज वाटणारे लेखन अपघाताने होत नाही, ते शिकावे लागते, असेही पोप सांगतो आणि त्यासाठी दाखला देतो तो नृत्य शिकलेल्या माणसाच्या चालण्याचा. लहानपणी पाठीच्या कण्याला झालेल्या क्षयाने पोपची पाठ वाकली होती, उंची साडेचार फुटांच्या आसपासच राहिली होती. त्याने हा दाखला निवडावा, हे आम्हाला फार लागले. होमरच्या ‘इलियड’चा अनुवाद त्याने आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजूंवर खोडत, बदलत लिहिला. ते कागद आजही जपलेले आहेत. सोपी टिपणे एका बैठकीत उतरत नाहीत म्हणून खट्टू होणाऱ्यांनी ते आठवावेत.

एका ठिकाणी मात्र आमचे त्याच्याशी पटत नाही. भाषा हा विचाराचा पोशाख आहे, तो अंगाला बेताचा असावा, असे पोपचे म्हणणे. म्हणजे विचार आधी तयार, कपडे मागाहून. आमचा अनुभव निराळा आहे. ‘लोखंडी जहाज का तरंगते’ यावर आम्ही एकदा चार सोप्या ओळी लिहायला बसलो. ‘उत्प्लावक बल’ हा शब्द वापरायचा नाही, एवढीच अट घातली होती. तिसऱ्या ओळीपाशी अडलो आणि अडलो ते शब्दासाठी नव्हे. जहाजाने किती पाणी बाजूला सारले, हे आमच्याच डोक्यात नीट बसलेले नव्हते. पोशाख बेतताना अंगच अपुरे निघाले, तर दोष शिंप्याचा कसा म्हणावा?

आता विज्ञानशिक्षकाला थबकायला लावणारी जागा. खोट्या वक्तृत्वासाठी पोप लोलकाची उपमा वापरतो. लोलक सगळीकडे भडक रंग पसरवतो, त्यामुळे वस्तूचे खरे रूप दिसेनासे होते, सर्वच सारखे झगझगते. खरी शैली मात्र सूर्यासारखी, जिच्यावर पडते ती वस्तू स्वच्छ दाखवणारी. हे वाचून कोणीही म्हणेल, अहो, न्यूटनचे ‘ऑप्टिक्स’ १७०४ मध्येच निघाले होते! लोलक रंग फासत नाही. पांढऱ्या प्रकाशात असलेलेच रंग वेगळे करून दाखवतो. बरे, पोपला विज्ञानाचे वावडे होते असेही नाही. पुढे न्यूटनसाठी मृत्युलेखाच्या दोन ओळी त्यानेच लिहिल्या.

आम्ही लोलक डोळ्यांशी धरून खिडकीकडे पाहिले. प्रत्येक गजाच्या एका कडेला तांबडी-पिवळी किनार, दुसऱ्या कडेला निळी-जांभळी. भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरे रंगीत आणि पुसट झाली. म्हणजे पोपने पाहिले ते खरेच होते! फक्त ‘सगळीकडे’ हे जास्त झाले, कारण कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा मधला भाग पांढराच राहतो. रंग येतो तो उजेड आणि अंधार जेथे भेटतात तेथे. न्यूटनने लोलक घेतला तो अंधाऱ्या खोलीत, खिडकीच्या झडपेला बारीक भोक पाडून, एकच कवडसा आत घेऊन. काच तीच.

पोपचा निवाडा आम्हाला म्हणूनच थोडा सरसकट वाटतो. वर्गात उपमा सोडून कोणाचे चालले आहे? (पोपचेही चाललेले नाही. पाने, पोशाख, लोलक, सूर्य या उपमाच आहेत.) प्रश्न कवडशाच्या रुंदीचा आहे. विद्युतप्रवाह समजावताना आपण नळातल्या पाण्याचा दाखला देतो. जाड नळी, बारीक नळी आणि रोध, एवढ्यापुरता तो छान चालतो. त्याच दाखल्यातून सबंध वीज दाखवू गेलो की गजांना किनारी फुटू लागतात आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, ‘सर, नळी कापली की पाणी सांडते, मग तार कापल्यावर वीज का सांडत नाही?’