महागाई घटली म्हणजे नेमकं काय घटलं?

दर महिन्याच्या १२ तारखेच्या आसपास केंद्राचं सांख्यिकी मंत्रालय किरकोळ महागाईचा आकडा जाहीर करतं. दुसऱ्या दिवशी मथळे ठरलेले: महागाई घटली, नाहीतर महागाई भडकली. माझा विषय पदार्थविज्ञान. अर्थकारणाच्या बातम्या नेमाने वाचायला लागून फार दिवस झालेले नाहीत. तरी यातला पहिला मथळा मला दर वेळी खटकतो. का खटकतो, ते आज आकडे मांडून सांगते.

मूळ घोळ शब्दात आहे. मराठीत महागाई म्हणजे वस्तू महाग असणं. "काय ही महागाई!" असं म्हणणारी बाई भाजीच्या आजच्या भावाबद्दल बोलत असते, भाव किती वेगाने वाढतोय याबद्दल नाही. सरकारी आकडा मात्र वेगाचा असतो: गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा भाव किती टक्के वाढले. म्हणून त्याला 'महागाईचा दर' म्हणायचं. मथळ्यात जागा कमी, म्हणून 'दर' उडतो आणि अर्थच पालटतो. आमच्या लॅबमधली भट्टी मिनिटाला ५ अंशांनी तापत होती, ती आता ३ अंशांनी तापतेय, एवढ्यावरून भट्टी थंड झाली असं कोणी म्हणणार नाही. म्हणालंच, तर त्याला आत हात घालायला सांगावं!

आता एक खराखुरा महिना बघू. जुलै २०२४. १२ ऑगस्टला आकडा आला ३.५४ टक्के, जवळपास पाच वर्षांतला नीचांक. जूनमध्ये हाच दर ५.०८ होता. सगळीकडे दिलाशाच्या बातम्या. आता मंत्रालयाच्याच पत्रकातला दुसरा रकाना बघा, तो सहसा बातमीत येत नाही. २०१२ चे भाव १०० धरले, तर ग्राहक किंमत निर्देशांक जून २०२४ मध्ये १९०.२ होता आणि जुलैमध्ये १९२.९ झाला. म्हणजे ज्या महिन्यात "महागाई घटली", त्याच एका महिन्यात भाव सुमारे १.४ टक्क्यांनी वाढले होते.

मग दर घटला कसा? उत्तर एक वर्ष मागे आहे. जुलै २०२३ आठवतो ना? टोमॅटोचा महिना. टोमॅटोचे भाव वर्षभरात तिपटीवर गेले होते आणि एकूण निर्देशांक जूनमधल्या १८१.० वरून एका महिन्यात १८६.३ वर उडाला होता. जुलै २०२४ ची तुलना या उंच खांबाशी झाली, म्हणून तो बुटका दिसला. भाज्यांचंच बघा. जुलै २०२३ मध्ये भाज्यांचा दर ३७.३४ टक्के, जुलै २०२४ मध्ये ६.८३. मथळ्याच्या भाषेत भाज्या सावरल्या. पण हे ६.८३ आधीच्या ३७.३४ च्या डोक्यावर चढलेत. जुलै २०२२ मध्ये जी पिशवी १०० रुपयांत भरायची, ती २०२३ मध्ये १३७ ची झाली आणि २०२४ मध्ये १४७ ची. मंडईत उभ्या असलेल्या माणसाला यातलं काय घटलेलं दिसणार?

पुढे सप्टेंबरमध्ये दर ५.४९ आणि ऑक्टोबरमध्ये ६.२१ झाला, रिझर्व्ह बँकेच्या ६ टक्क्यांच्या वरच्या मर्यादेबाहेर. लगेच मथळा "भडकली". बँकेने मात्र ऑगस्टच्या धोरणात व्याजदर ६.५ टक्क्यांवरच ठेवला होता, तुलनेच्या पायामुळे दर तात्पुरता खाली येईल हे गृहीत धरून.

एक गोष्ट कबूल करायला हवी: वर्षाची तुलना चुकीची नाही. पावसाळ्यात भाज्या दरसाल महागतात, त्यामुळे नुसतं जूनशी तोलणंही फसवं ठरेल. पत्रकारांनी दर छापू नये, असं माझं म्हणणं नाही. दर छापा, पण शेजारी निर्देशांक द्या आणि मागच्या वर्षीचा दरही द्या. काही पत्रकार 'बेस इफेक्ट' असा उल्लेख करतात, पण सातव्या परिच्छेदात, न समजावता.

यात आमचं काय जातं? ज्यांची कमाई आकड्यात बांधलेली आहे, त्या सगळ्यांचं जातं. आमच्या जेआरएफचंच घ्या. जानेवारी २०१९ पासून महिना ३१,००० रुपये, तेवढेच चार वर्षं. त्यानंतरच्या चार जानेवारींचे महागाईचे दर असे: ७.५९, ४.०६, ६.०१, ६.५२. २०२० च्या जानेवारीनंतर २०२१ चा आकडा बघून कोणालाही वाटेल, महागाई निम्म्यावर आली. पण फेलोशिपच्या दृष्टीने हे चारही आकडे एकमेकांवर चढतात. निर्देशांक १३९.६ वरून १७६.५ वर गेला, म्हणजे २६ टक्के वाढ. जागच्या जागी राहायलाच सुमारे ३९,२०० रुपये हवे होते. जानेवारी २०२३ पासून लागू झाले ३७,०००. वाढ १९ टक्के! ही वाढ जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते, आणि हा गुणाकार कोणी केला नव्हता. घरकाम करणाऱ्या मावशी किंवा कंत्राटी कामगार पगारवाढ मागतात, तेव्हा "आता महागाई कमी झालीय की" हे उत्तर त्यांना याच मथळ्यातून मिळतं.

तेव्हा येत्या १२ तारखेला पत्रक उघडून निर्देशांकाचा रकाना बघा. तुमचा पगार शेवटचा वाढला त्या महिन्याचा आकडा शोधा आणि आजच्या आकड्याला त्याने भागा. कॅल्क्युलेटर पुरतो. या निर्देशांकाच्या टोपलीत कशाला किती वजन आहे आणि ती टोपली हॉस्टेलवाल्यांची का नाही, ते पुढच्या भागात.